दुकानांच्या गुडघ्याला बाशिंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० सप्टेंबरला मी टेबललॅम्पसाठी एक बल्ब आणायला गेले होते. साधा, पिवळ्या उजेडाचा, बारीक होल्डरचा. घराजवळच्या त्या मोठ्या दुकानात बल्बचा रॅक कुठे आहे हे मी डोळे मिटून सांगू शकते: सरकत्या जिन्याला वळसा घातला की डावीकडे. तिथे पोहोचले तर बल्ब गायब. त्या जागी कापसाचा बर्फ, प्लास्टिकचं हिरवं झाड, दोन हरणं आणि हात हलवणारा लाल डगल्यातला सांताक्लॉज. बाहेर लोक घाम पुसत चालले होते. मी तिथेच उभी राहून बोटांवर हिशेब केला. नाताळला १०६ दिवस बाकी होते.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "अगं, इतक्या लवकर?" तिने मान वर न करता उत्तर दिलं, "वरून आलंय, मॅडम."

हे "वरून आलंय" माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. मी २२ वर्षं अशाच एका मोठ्या दुकानाच्या सजावट विभागात नोकरी केली. दर्शनी काचा सजवायच्या, पुतळ्यांना कपडे चढवायचे, छताला झिरमिळ्या टांगायच्या. तोंडात टाचण्या आणि खांद्यावर सुतळीचा गुंडा घेऊन मी शिडीवर जितके तास काढले, तितके बहुधा स्वतःच्या ओट्यापुढेही काढले नसतील. तेव्हा ही बाहेरच्या बाईची कुरकुर समजू नये. या पापात माझा वाटा आहे आणि तो मी खाली कबूल करणार आहे.

तक्रार कुठल्याही एका सणाबद्दल नाही. नाताळचं उदाहरण घेते, कारण दुकानांच्या या उतावळेपणाचा इतिहास त्याच सणाच्या निमित्ताने सगळ्यात जास्त लिहिला गेला आहे. लंडनमधलं एक नामांकित दुकान आपला नाताळ विभाग ऑगस्टमध्ये उघडतं, आणि त्याची बातमी होते, आणि त्या बातमीसाठीच तो उघडलेला असतो. गुडघ्याला बाशिंग बांधून बसणं म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की लग्नाची घाई निदान नवऱ्या मुलाला तरी असते. इथे घाई मांडववाल्याला झाली आहे.

लोक म्हणतात, दुकानदार हावरट झाले. इतकं सोपं ते नाही, आतून पाहिलंय म्हणून सांगते. सजावटीच्या या मालाचा फार मोठा भाग चीनमधल्या यिवू नावाच्या एका शहरातून जगभर जातो. त्याची मागणी वर्षाच्या सुरुवातीलाच नोंदवलेली असते. उन्हाळ्यात तो जहाजावर चढतो, कारण उशीर केला तर बंदरं तुंबतात. २०२१ साली बंदरांत जहाजांच्या रांगा लागल्या तेव्हा अनेकांचे हात पोळले, आणि तेव्हापासून तर माल आणखी आधी मागवून ठेवायची सवय लागली. म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस खोकी मागच्या दाराशी येऊन पडतात. आता ती ठेवायची कुठे? गोदामाला भाडं पडतं. आमच्या मागच्या खोलीत एकदा खोक्यांची चळत इतकी वाढली, की डबा खायला बसायची जागा गेली आणि आम्ही आठवडाभर जिन्यात बसून जेवलो. अशा वेळी मॅनेजरच्या डोक्यात एकच विचार येतो: सगळ्यात स्वस्त गोदाम म्हणजे दुकानाचीच फरशी. "नाही तरी पडूनच आहे, लावून टाका." माझ्या २२ वर्षांत निम्म्या वेळा तरी सणाची सजावट अशी जागेच्या अडचणीतून सुरू झाली. ग्राहकाला वाटतं सण जवळ आला. खरं तर गोदाम भरलेलं असतं.

उरलेल्या निम्म्या वेळा कारण असायचं समोरचं दुकान. त्यांनी लावलं, आता आपण मागे कसं राहायचं? बसच्या रांगेत एक जण पाऊलभर पुढे सरकला की सगळी रांग सरकते. बस काही त्याने लवकर येत नाही. पण मागे राहिलेल्याला उगाच वाटतं, आपली जागा गेली.

बस लवकर येत नाही, हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेत हा प्रयोग खुद्द राष्ट्राध्यक्षांनी करून पाहिला आहे. तिथे नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हा कृतज्ञतेचा दिवस पाळत, अब्राहम लिंकनच्या १८६३ च्या घोषणेपासून. तो दिवस उलटल्याशिवाय दुकानांनी नाताळचं नाव काढायचं नाही, असा एक अलिखित संकेत होता. १९२४ साली न्यू यॉर्कच्या मेसीज या दुकानाने त्याच दिवशी आपल्या कर्मचाऱ्यांची मिरवणूक काढली, तिच्या शेवटी सांताक्लॉज आला, आणि जणू हंगामाचं दार उघडलं. पुढे १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले आणि शेवटचा पडला ३० तारखेला. व्यापारी घाबरले, विक्रीचे दिवस कमी पडणार म्हणून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सणच एक आठवडा अलीकडे ओढला, २३ तारखेला. तेही जाहीर केलं ऑगस्टमध्ये, दिनदर्शिका छापून झाल्यावर आणि फुटबॉलचे सामने ठरून गेल्यावर! सुमारे निम्म्या राज्यांनी ऐकलं, बाकीच्यांनी जुनाच दिवस धरला, काहींनी दोन्ही पाळले. लोकांनी राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून त्या दिवसाला "फ्रँक्सगिव्हिंग" म्हणायला सुरुवात केली. एवढं करून १९४१ साली सरकारच्याच पाहणीत निघालं काय, तर विक्रीत म्हणण्यासारखा फरक पडलाच नव्हता. मग त्या वर्षाच्या अखेरीस कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम केला.

ही हकीकत मला नोकरीत असताना माहीत असती तर बैठकीत सांगितली असती. कुणी ऐकलं असतं असं नाही.

आता कबुली. एका वर्षी मी स्वतः ऑगस्टच्या अखेरच्या रात्री दर्शनी काच नाताळची म्हणून सजवली. दुकान बंद झाल्यावर वातानुकूलन बंद होतं, आणि काचेच्या आत ते दिवे पेटल्यावर भट्टी होते. मी आणि माझा मदतनीस, दोघं घामाने निथळत कापूस पिंजून बर्फ पसरत होतो. तो म्हणाला, "ताई, हा बर्फ आपल्या आधी वितळेल." सजावट मात्र देखणी झाली. साहेबांनी फोटो काढले. पण त्या काचेवर दुपारचं ऊन थेट येतं. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बर्फ पिवळा पडला. नोव्हेंबरात चिकटपट्ट्यांची टोकं वळली, एका हरणाचा कान गळाला, माळेतला मधला तुकडा विझला. पहाटे येऊन ब्रशने धूळ झटकणं हे माझं रोजचं काम झालं, आणि धूळ झटकली की कापसाचे तंतू झाडाला चिकटत. दुसऱ्या संचाची मागणी केली तर उत्तर मिळालं, सजावटीचे पैसे एकदाच मंजूर होतात. अखेर २० डिसेंबरला, ज्या आठवड्यात लोक खरोखर मुलाबाळांना घेऊन काच बघायला येतात, तेव्हा आमची काच जत्रा उठून गेलेल्या मैदानासारखी दिसत होती. एक छोटी मुलगी त्या हरणाकडे बोट दाखवून आईला म्हणाली, "याला काय झालंय?" मी आत पडद्यामागेच होते.

सजावट या गोष्टीला आयुष्य असतं. ते सुरुवातीलाच खर्चून टाकलं की शेवटाला काही उरत नाही. हे जसं कापसाचं, तसं डोळ्यांचंही. पहिल्या दिवशी माणूस थबकतो, चौथ्या दिवशी चालता चालता बघतो, पंधराव्या दिवशी त्याच्या लेखी ती भिंत असते. दिव्यांच्या माळेबद्दल आमच्या धंद्यात एक जुनी गोष्ट सांगतात. झाडावर विजेच्या दिव्यांची माळ पहिल्यांदा घातली ती एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने, न्यू यॉर्कमधल्या आपल्या घरी, १८८२ साली. लाल, पांढरे आणि निळे मिळून ८० दिवे, आणि झाड गोल फिरणारं. लोकांचे डोळे विस्फारले. तारीख होती २२ डिसेंबर. म्हणजे सणाच्या तीन दिवस आधी! जर्मनीत तर झाड २४ डिसेंबरच्या संध्याकाळीच सजवायची जुनी रीत. तोवर मुलांना त्या खोलीत जाऊही देत नसत. दार उघडलं की एकदम झगमगाट. मी शंभर काचा सजवल्या असतील, पण त्या बंद दाराच्या तोडीची युक्ती मला कधी सुचली नाही.

माझा नातू पाच वर्षांचा आहे. मागच्या वर्षी सप्टेंबरात त्याने त्याच दुकानात पहिल्यांदा सांताक्लॉज पाहिला आणि उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून विचारलं, "आजी, आज आहे?" मी म्हटलं, नाही रे, अजून वेळ आहे. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्याला खुणा करायला शिकवलं; पानं उलटायला लागताहेत हे कळल्यावर तो रडला. ऑक्टोबर संपता संपता विचारणं बंद झालं. मला बरं वाटलं, पण तो समजूतदार झाला नव्हता, त्याला कंटाळा आला होता. डिसेंबरात त्याच सांताक्लॉजपुढून तो मान न वळवता पुढे गेला. आणि २६ तारखेला आम्ही तिथे गेलो तर झाड नाही, हरणं नाहीत, लाल अक्षरांत "सेल". "आजी, ते कुठे गेलं?" काय सांगणार? २५ च्या रात्री ते काढायला माणसं येतात, त्या माणसांत तुझी आजीही असायची, हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

यातली गंमत अशी, की ज्यांचा हा सण, त्यांच्या पंचांगाप्रमाणे तो २५ डिसेंबरला सुरू होतो. तिथून बारा दिवस, ५ जानेवारीपर्यंत. त्याच्या आधीचे चार रविवार आगमनाची वाट पाहण्याचे. त्या काळाचं नावच मुळी "आगमन" या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं आहे. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी पडतो. पूर्वी तो काळ उपवासाचा मानत. म्हणजे वाट पाहायच्या दिवसांत दुकानं सण साजरा करतात, आणि सण उजाडला की मांडव मोडतात.

एक बाजू मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्यांचं हातावर पोट आहे, त्यांना सगळी खरेदी एका महिन्यात झेपत नाही. ते महिन्याला एक वस्तू घेतात. त्यांना माल लवकर मिळायलाच हवा. शिवाय लवकर खरेदीचा आग्रह मुळात व्यापाऱ्यांचा एकट्यांचा नव्हता. अमेरिकेत फ्लोरेन्स केली नावाच्या बाईंनी, ग्राहकांच्या एका राष्ट्रीय संघटनेच्या वतीने, १९०३ च्या सुमारास लोकांना विनवलं होतं, की नाताळची खरेदी आधीच उरका. कारण शेवटच्या पंधरवड्यातल्या गर्दीत दुकानातल्या पोरी आणि सामान पोहोचवणारी लहान मुलं रात्री उशिरापर्यंत राबून मोडून पडत. मला हे वाचून गहिवरून आलं. आणि लगेच हसूही आलं, कारण आज त्याच लवकरच्या हंगामाचा जाच होतो तो दुकानातल्या पोरींनाच. आमच्याकडे सणाच्या गाण्यांची चाळीस मिनिटांची फीत होती. आठ तासांच्या पाळीत ती बारा वेळा फिरे. ग्राहकाला ती दहा मिनिटं ऐकू येते, गोड वाटते. सुगंधी वस्तूंच्या काउंटरवरची माझी मैत्रीण नोव्हेंबरात झोपेत ती गाणी गुणगुणते, अशी तिच्या नवऱ्याने तक्रार केली होती. २५ डिसेंबरला घरी तिने रेडिओ लावू दिला नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहावी की नाही, या विचारात दोन दिवस गेले. माझे यजमान गेले ते ऑगस्टमध्ये. सुट्टी संपवून कामावर गेले तर मला सजवायला दिली ती "सारे एकत्र" अशी काच: आजोबा, आजी, मुलं, टेबलाभोवती बसलेले पुतळे. आजोबांच्या पुतळ्याला स्वेटर चढवताना बाही कोपरात अडकली, आणि मी खाली बसले. नवी कुणी असती तर सुट्टी मागितली असती. मी जुनी होते, काम पुरं केलं. सणाचे दोन दिवस दुःखातल्या माणसाला कसेबसे रेटता येतात. नातेवाईक येतात, कुणी जेवायला नेतं. चार महिने रोज भाजी आणायला जाताना अंगावर येणारं ते हसरं कुटुंब रेटता येत नाही, आणि कुणाला सांगताही येत नाही, कारण समोर फक्त पुतळे असतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: माल लवकर विका, पण मांडव लवकर घालू नका. ज्याला सप्टेंबरात दिव्याची माळ घ्यायची आहे त्याने खुशाल घ्यावी, तिच्यासाठी एक रॅक ठेवा, पाटी लावा. पण छत, दर्शनी काच, गाणी आणि तो हात हलवणारा सांताक्लॉज यांना थांबू द्या. हे व्यवहारात जमत नाही असं कुणी सांगू नये. अमेरिकेतली नॉर्डस्ट्रॉम ही मोठी दुकानसाखळी वर्षानुवर्षं दारावर पाटी लावत असे, की थँक्सगिव्हिंग होईपर्यंत आम्ही सजावट करणार नाही, एका वेळी एकच सण. त्या पाटीचे फोटो लोक हौसेने एकमेकांना पाठवत. फुकटात इतकी जाहिरात माझ्या कुठल्या काचेने केली नाही.

फिलिपीन्समध्ये १ सप्टेंबरलाच नाताळ सुरू होतो, ज्या महिन्यांच्या नावाच्या शेवटी "बर" येतं ते सगळे त्यांचे नाताळाचे महिने, हे मला ठाऊक आहे. कुणीतरी उत्तरादाखल लिहिलंच, म्हणून आधीच सांगते. तिथे ती माणसांची हौस आहे, घराघरांत आहे. तिथे दुकान लोकांच्या मागून जातं. आमची तक्रार पुढे धावणाऱ्या दुकानाबद्दल आहे.

आणि संपादक महाशय, राग मानू नये, पण ११ सप्टेंबरला आपल्याच अंकाच्या पहिल्या पानावर पूर्ण पानभर लाल-हिरवी जाहिरात होती. बातम्या दुसऱ्या कागदावर. मी ते पान उलटं घालून त्यावर भाजी निवडली. जाहिरातीशिवाय वर्तमानपत्र चालत नाही, हे मलाही कळतं. तरी आपल्याला एक करता येईल: सगळ्या मोठ्या दुकानांना जाहीरपणे विचारा, यंदा तुमची सजावट कोणत्या तारखेला, आणि आलेली उत्तरं एका चौकटीत छापा. कुणाची तारीख सगळ्यात आधीची, ते वाचकांना दिसू द्या. मॅनेजर लोकांना समोरच्या दुकानाची जितकी भीती वाटते, तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही. तीच भीती उलटी फिरवून बघू.

काल मी पुन्हा त्या दुकानात गेले. बल्ब मागच्या बाजूला हलवला असेल म्हणून सगळ्या रांगा फिरून पाहिल्या. शेवटी त्याच मुलीने संगणकात बघितलं. म्हणाली, "मॅडम, तो सुटा बल्ब आता येत नाही. माळेत हवा असेल तर आहे, ऐंशीची." मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाली, "जानेवारीत या. हे सगळं काढलं की रॅक परत लागेल."

तोवर हे पत्र मी स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर सांभाळून घ्यावं.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त सजावटकार
(नाव छापू नये, जुने सहकारी अजून नोकरीत आहेत.)